नाक नसलेला नकाशा

निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मी एका बेटावरच्या अकरा मुलांना शिकवलं. माझा विषय खरं तर भूगोल. भूगोलाच्या बाईने भूगोल शिकवावा, नको तिथे नाक खुपसू नये. पण तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती, आणि आता आलीय ती काही कामाची नाही.

त्या वर्षी माझं अर्धं घर खोक्यांत होतं. नवरा परदेशातल्या नोकरीवर रुजू होऊन चार महिने झाले होते. मी आणि लेक मागाहून जाणार होतो, आणि नेमकी तेव्हाच माझी बदली बेटावरच्या शाळेत झाली. “राजीनामा दे आणि मोकळी हो,” नवरा फोनवर म्हणाला. मला मोकळं व्हायचं नव्हतं. पंधरा वर्षं शिकवल्यावर शेवटचं वर्ष खोक्यांवर ‘काचेचं सामान’ असं लिहिण्यात घालवायचं? मी लेकीला आईकडे ठेवलं आणि दोन बॅगा घेऊन लाँचमध्ये चढले.

बेट एवढंसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत गेलं तरी दीड तास. नारळ, खारफुटी, एक दुकान, एक दवाखाना, दोन खोल्यांची शाळा आणि शाळेमागे पाण्याची उंच टाकी. या टाकीच्या जिन्याला माझ्या आयुष्यात फार मोठं स्थान आहे, कारण सबंध बेटावर फोनला रेंज यायची ती फक्त त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. माझा सगळा संसार मी त्या एका पायरीवर उभी राहून चालवला.

पहिल्या दिवशी शाळा सुटली तशी अकराही मुलं एका सुरात ओरडली, “जातो बाई!”

माझ्या अंगावर काटा आला. “असं म्हणतात का रे? येतो म्हणावं.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची सगळ्यात बुटकी मुलगी उभी राहिली. तिच्या उंचीवरून सगळे तिला पावली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. “पण बाई, आम्ही जातोय ना?”

“जातोय, पण परत येणार ना? म्हणून येतो म्हणायचं. चांगलं असतं ते.”

“उद्या रविवार आहे,” पावली म्हणाली. “उद्या आम्ही नाही येणार.”

मी हसले. मग तिने मला समजावून सांगितलं, जणू बाई ती आणि विद्यार्थिनी मी, अशा थाटात. तिचे वडील लाँच चालवायचे. लाँच चालवणाऱ्याला तिथे सारंग म्हणत. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सारंगांची एक काळी पाटी टांगलेली होती. सकाळी लाँच माणसांना पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर सोडून यायची आणि दुपारी त्यांना आणायला पुन्हा जायची. जो त्याच दुपारी परतणार असेल तो चढताना “येतो” म्हणायचा, आणि सारंग त्याचं नाव खडूने पाटीवर लिहायचे. पाटीवरचं माणूस आलं नाही तर लाँच पलीकडे त्याच्यासाठी पाव तास थांबायची. ज्याचा नक्की बेत नसेल तो “जातो” म्हणायचा, मग त्याच्यासाठी कुणी खोळंबत नसे. आमच्याकडे हे शब्द नुसते गोड होते, तिथे ते कामाचे होते.

तरीही मी माझंच खरं केलं. सोमवारपासून मुलं “येतो बाई” म्हणायला लागली, आणि मला वाटलं, चला, काहीतरी संस्कार केले.

नकाशाची गोष्ट त्यानंतरची. शाळेच्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता. त्यात आमचं बेट माशीने घाण केल्यासारखा एक ठिपका. “बाई, आपलं घर कुठंय?” असं एकाने विचारलं आणि मी बोट ठेवलं, तर बोटाखाली बेट, धक्का, दवाखाना, सगळं झाकून गेलं. मुलं खट्टू झाली. मी म्हटलं, आपण आपल्या बेटाचा नकाशा करू या. चालत.

शाळेच्या कपाटात एक होकायंत्र मिळालं. मोजपट्टी होती ती गंजून अर्ध्यात तुटलेली. मग पावलांनी मोजायचं ठरलं. कुणाची पावलं घ्यायची हे ठरवायला मी अकराही जणांना मैदानात शंभर-शंभर पावलं चालायला लावलं, प्रत्येकाला पाच वेळा. मोठी पोरं उगाच ढांगा टाकत होती आणि दर वेळी वेगळ्याच जागी पोचत होती. पावली मात्र पाचही वेळा त्याच नारळापाशी येऊन थांबली. एक वीतही इकडे तिकडे नाही. मी थक्क झाले. नकाशाच्या कागदाच्या कोपऱ्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रमाण – एक सेंटीमीटर म्हणजे पावलीची शंभर पावलं. ती ओळ वाचून ती पोरगी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

मग दर शनिवारी आम्ही निघायचो. पुढे पावली, ओठ हलवत, आकडे मोजत. तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम. कुणी तिला हसवलं की मागच्या खुणेपर्यंत परत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हसवणाऱ्याला मग बाकीचे दहा जण मिळून फैलावर घेत. मागे मी, एका हातात होकायंत्र, दुसऱ्यात वही. खारफुटीत गुडघाभर चिखलात रुतलो. दक्षिणेच्या कड्याखाली गोड्या पाण्याचा झरा सापडला, तो मुलांना आधीपासून ठाऊक होता, पण शोध लागल्यासारखा आनंद त्यांनी माझ्यासाठी केला. एकदा मी शेवाळावरून घसरले ती थेट डबक्यात, आणि वही वर धरलेली. पावलीने आधी वही घेतली, मग मला हात दिला. त्या वर्षी मी जितकी हसले तितकी पुढे कधी हसले नाही. हे लिहिताना नवरा-लेकीवर अन्याय होतो की काय असं वाटतं, पण खरं ते खरं.

चार-पाच महिन्यांत सगळा किनारा कागदावर आला. राहिलं ते फक्त उत्तरेचं टोक. बेटावर त्याला नाक म्हणत. समुद्रात आत गेलेली खडकाची लांब पट्टी, जी एरवी पाण्याखाली असायची. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला सकाळी दोनेक तास ती उघडी पडायची. पावली लहानपणापासून वडिलांबरोबर तिथे जायची. “नाक शेवटी ठेवायचं, बाई,” तिने मला आधीच बजावलं होतं. “ते मी दाखवणार.” पोरं नकाशाला नकटा म्हणायला लागली होती. मी म्हटलं, थांबा, पुढच्या ओहोटीला त्याला नाक बसवू.

पहिल्या ओहोटीला सामान हलवणाऱ्यांचा फोन आला. कोणतं कपाट न्यायचं, कोणतं आईकडे टाकायचं, खोकी किती. मी तिसऱ्या पायरीवर दोन तास उभी. खाली मुलं पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून बसली होती. मी खाली उतरले तोवर पाणी चढलं होतं.

दुसऱ्या ओहोटीला व्हिसाची मुलाखत. सकाळच्या लाँचने मोठ्या किनाऱ्यावर गेले. “येते” म्हणाले, सारंगांनी पाटीवर ‘बाई’ लिहिलं, मला उशीर झाला आणि लाँच पाव तास थांबली. तिसऱ्या ओहोटीला लेक तापाने फणफणली होती, मी आईकडे होते. त्याचं मला वाईट वाटत नाही. लेक ती लेक.

चौथ्या ओहोटीचं सांगायला जीभ रेटत नाही. त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं.

सकाळी पावली खोलीच्या दारात उभी होती. तिच्या फ्रॉकची शिवण तिच्या आईने दुसऱ्यांदा उसवून खाली सोडली होती, तरी तो आखूडच दिसत होता. “पावलीची आठाणी व्हायला लागली गं,” मी तिला म्हटलं. ती हसली नाही. “बाई, पाणी उतरलंय. आजची खूप मोठी आहे.”

माझ्या हातात चहा होता. आदल्या दिवशी नवऱ्याशी फोनवर कडाक्याचं वाजलं होतं, अंग जड झालं होतं, आणि कुणी मला काहीही दाखवू नये असं वाटत होतं. बस, एवढंच कारण. “आज नको गं. पुढच्या ओहोटीला नक्की.”

तिने बोटांवर मोजलं. “पंधरा दिवस, बाई.”

“हो, हो. नाक काही पळून जात नाही.”

नाक पळून गेलं नाही. दहाव्या दिवशी माझाच कार्यमुक्तीचा आदेश आला. बदलीवर दुसरे सर लगेच रुजू होणार होते, परदेशाची तिकिटं नवऱ्याने आधीच्या तारखेची काढली होती, आणि तीन दिवसांत सगळं आवरायचं होतं. धक्क्यावर अकराही मुलं आली. मी दोन बॅगा घेऊन आले होते आणि पाच घेऊन निघाले होते, शिंपले-दगड काय नि काय मुलांनी दिलेलं. लाँच सुटायच्या वेळी धक्क्यावर कधी नव्हे ती रेंज आली आणि फोन वाजला. सामानवाले. मी एका कानाला फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मुलांचे गाल कुरवाळत सुटले. “येते हं. येते रे. येते.”

सारंग पाटीपाशी खडू घेऊन उभे होते. माझ्या पाच बॅगांकडे बघून ते घुटमळले. “बाई, येता?”

“हो हो, येते,” मी म्हणाले, आणि फोनमध्ये म्हणाले, “नाही, फ्रिज द्यायचाय.”

पावली शेडच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. बाकीची सगळी रडत होती, फक्त ती नाही. मला वाटलं, गुणाची पोर आहे, समजूतदार.

त्यानंतर बारा वर्षं गेली. परदेशात मी शिकवलं नाही, तिथे माझी पदवी चालत नव्हती. एका गोदामात नोंदी ठेवल्या, लेकीला वाढवलं, नवऱ्याशी जमवून घेतलं. बेटावर एकदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही, मग मीही विसरल्याचं सोंग केलं. गेल्या वर्षी आई गेली म्हणून मी आले. तिचं कपाट आवरताना पाण्याच्या डागांची ती वही हाताला लागली. पानापानांवर पावलीचे आकडे, माझं अक्षर. शेवटच्या पानावर एकच ओळ: नाक – बाकी.

परतीच्या विमानाला पाच दिवस होते. मी बस धरली, मग लाँच.

सारंगांनी मला ओळखलं. केस पांढरे झाले होते, लाँच तीच होती. “बाई,” ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलून आत ठेवली. लाँच धक्क्याला लागल्यावर, दोर बांधता बांधता, त्यांनी आपणहून सुरुवात केली.

“त्या दिवशी दुपारी पावली माझ्याबरोबर लाँचवर आली होती. तुम्हाला आणायला. मला कळत होतं, बाई, तुम्ही काही येत नाही. पाच बॅगा घेऊन कोण येतं त्याच दिवशी? पण नाव पाटीवर होतं. पोर म्हणाली, थांबायचं. पाव तास थांबलो.”

“दादा, मी फोनवर होते हो...”

“दुसऱ्या दिवशी मी पाटी पुसली, तिने परत लिहिलं. आठवडाभर रोज पाव तास थांबलो. लोक शिव्या द्यायला लागले. मग मी तिला ओरडलो.” ते दोराची गाठ उगाच पुन्हा आवळत राहिले. “पहिल्यांदाच ओरडलो तिच्यावर.”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की मुलं विसरतात.

“कुठे असते ती आता?”

“मोजणी खात्यात आहे. मोठ्या किनाऱ्यापासून दिवसभराचा प्रवास. यंत्र लावून जमिनी मोजते.” त्यात अभिमान होता, तो त्यांनी लपवला नाही. “जाताना म्हणाली, जाते बाबा. मी म्हटलं, अगं येते म्हण, बाईंनी शिकवलंय ना तुला? तर म्हणाली, बाईंनी शिकवलंय म्हणूनच नको.”

“मग येत नाही ती?”

“येते की. सुट्टीला येते. पण येते म्हणून सांगून येत नाही. एकदम लाँचवर उभी दिसते.”

शाळेत नकाशा अजून भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत. उत्तरेकडे रेघ तुटलेली, पुढे कोरा कागद. त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. काचेला नाक लावून बघितलं तेव्हा अक्षरांचे वळ दिसले: बाई आल्यावर.

माझ्या जागी आलेले सर अजून तिथेच होते, आता मुख्याध्यापक. ते म्हणाले, “मी दोन वर्षं त्या मुलीच्या मागे लागलो होतो, एवढं टोक मोजून टाक म्हणून. आधी म्हणायची, बाई येणार आहेत. मग एक दिवस स्वतःच खोडरबर घेऊन आली आणि म्हणाली, सर, आता ते होणारच नाही. माझी पावलं वाढली. मेळ बसणार नाही.”

मी भूगोलाची बाई. प्रमाण माझ्या हाताने लिहिलेलं. पावलीची शंभर पावलं. आणि ती मुलगी रोज माझ्या डोळ्यांसमोर उंच होत होती, फ्रॉकच्या शिवणी उसवत होत्या, मी त्यावर विनोद करत होते. तो नकाशा त्या एका वर्षातच पुरा होऊ शकत होता. हे तिला बारा-तेराव्या वर्षी कळलं, मला पन्नाशीत.

दोन दिवसांनी मोठी ओहोटी होती. मी थांबले. सारंग मला नाकावर घेऊन गेले. सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. काळे खडक, मध्येमध्ये आरशासारखी डबकी, त्यात निळे मासे, आणि दोन्ही बाजूंना समुद्र. चालून टोकापर्यंत जायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढंच होतं ते. मी सवयीने पावलं मोजली. तीनशे सहा भरली. ती कुठे लिहायची ते मला कळेना.

सारंगांकडून नंबर घेऊन मी टाकीच्या जिन्यावर गेले. आता बेटावर सगळीकडे रेंज आहे, तरी मी तिसऱ्या पायरीवरच उभी राहिले.

“बोला,” पलीकडून मोठ्या बाईचा आवाज आला. मी नाव सांगितलं. तिच्या मागे वारं ऐकू येत होतं. ती कुठल्यातरी माळावर उभी असावी.

“बाई,” ती म्हणाली. “बऱ्या आहात?”

“नाकावर जाऊन आले गं आज.”

“हो? किती भरली?”

“तीनशे सहा. माझी.”

“तुमची नाही चालणार, बाई,” ती म्हणाली. रागाने नाही. कामातलं माणूस चूक दाखवतं तशी. “माझी दोनशे पंच्याऐंशी आहेत, पण आताची.”

मला तिची माफी मागायची होती. त्यासाठीच फोन केला होता. चौथ्या ओहोटीला मला काही काम नव्हतं, हे एकदा तिला सांगायचं होतं. पण तिच्या मागून कुणीतरी हाक मारली, ती “आले” म्हणाली, आणि मी घाईघाईत बोलून गेले, “बरं, तू कामात आहेस. मी येते एकदा तुला भेटायला.”

“कधी?” पावलीने विचारलं.

कधी. दुसऱ्या सकाळची लाँच, रात्रीची बस, परवाचं विमान. ती थांबली. मी सांगते, ती बराच वेळ थांबली, मागून दोनदा हाका आल्या तरी. मग हळूच म्हणाली, “असू दे, बाई. ठेवते.”

सकाळी लाँचवर चढताना मोजकीच माणसं होती. दवाखान्यातली नर्स “येते” म्हणाली, तिचं नाव पाटीवर चढलं. दुकानदार “येतो” म्हणाला, त्याचंही चढलं. मग सारंग माझ्याकडे वळले. त्यांनी खडू पाटीला टेकवूनच ठेवला होता. आयुष्यभर जो शब्द जिभेवर आपोआप यायचा तो तसाच ओठांपर्यंत आला. तो मी गिळला.

“जाते, दादा,” मी म्हणाले.

सारंगांनी मान हलवली आणि खडू खिशात ठेवला.